शनवारी न जुंपलेला घाणा

उत्तर कोकणात, अलिबाग-पेण-रोहा-पनवेलच्या टापूत, एके काळी तेल्याची ओळख वारावरून सांगत. सोमवारी घाणा बंद ठेवणारा तो सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारा तो शनवार तेली. पहिला हिंदू, दुसरा बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. दोघांचा घाणा सारखा, बैल सारखा, लाट सारखी, पेंडही सारखीच. गावातल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोघांत फरक एवढाच, की कोणत्या दिवशी कोणाच्या दारी रिकामे भांडे घेऊन जाऊ नये. एका अतिप्राचीन धर्माची सगळी ओळख शेजाऱ्यांनी दोन शब्दांत बसवली होती, आणि त्यातला एक शब्द वाराचा होता, दुसरा धंद्याचा. देवाचे नाव त्यात नव्हते, ग्रंथाचे नव्हते, कुठल्या दूरदेशाचेही नव्हते. बेने इस्राएलांवरच्या बहुतेक लेखांत हे नाव पहिल्या परिच्छेदात गंमत म्हणून येते आणि दुसऱ्या परिच्छेदापासून लेखक त्याला विसरतो. मला ते विसरण्याजोगे वाटत नाही. या समाजाच्या इतिहासातला सर्वांत भक्कम पुरावा या नावात आहे, आणि तो पुरावा नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कथेच्या उलट दिशेला बोट दाखवतो.

नेहमीची कथा अशी. फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते तिथेच पुरली गेली. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली, वाचलेल्यांचे वंशज तेल गाळू लागले आणि धर्माचे काही अवशेष तेवढे धरून राहिले. पुढे कोचीनचा दावीद राहबी आला. त्याने बायकांपुढे मासळीचा ढीग ठेवला, त्यांनी खवले आणि पर असलेले, म्हणजे ज्यू धर्माला चालणारे, मासे वेगळे काढले, आणि हे आपलेच लोक आहेत अशी त्याची खात्री पटली. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले तिघे निवडून शिकवले, ते काझी झाले. मग मिशनरी आले, शाळा आल्या, छापखाने आले आणि हरवलेला धर्म हळूहळू सापडला. या कथेत घाणा हा नुसता देखावा आहे. तो धर्म विसरल्याच्या काळातला आहे, शिकल्यानंतर त्याची गरज उरत नाही. माझे म्हणणे असे, की ज्याला आपण विसरल्याचा काळ म्हणतो त्या काळात धर्म या घाण्यानेच सांभाळला, आणि घाणा सुटला तेव्हा हा समाज ज्या आचारावरून ओळखला जात होता तोच आचार आधी सुटला, तोही नेमका धर्म ‘सापडत’ असताना.

पुरावा काय, ते आधी पाहू. जहाज केव्हा फुटले याचा एकही समकालीन कागद नाही. इसवी सनापूर्वी १७५ हे साल परंपरेने चालत आले आहे, ते अनुमान आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस ज्यू धर्मपंडित मैमोनिदीसने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुन्नत यांपलीकडे काही माहीत नाही असे लिहिले. पण ते कोकणातल्यांविषयीच आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पाय टेकावा अशी जमीन लागते ती १७३८ मध्ये. मद्रासकडच्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने त्या वर्षी लिहिलेल्या पत्रात पश्चिम किनाऱ्यावर स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक असल्याचे येते. त्यांच्यापाशी बायबल नाही, हिब्रू त्यांना येत नाही, शेमा ही एक प्रार्थना तेवढी येते. नंतर १७६८ मध्ये कोचीनच्या यहेज्केल राहबीने अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात हे लोक मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले, तेलाचा धंदा करणारे, काही शिपाईगिरी करणारे असे सांगितले आहेत, आणि धर्मापैकी शेमा व शब्बाथची विश्रांती एवढेच त्यांना ठाऊक आहे अशी नोंद केली आहे. ज्यांनी ही पत्रे लिहिली त्यांच्या दृष्टीने ही यादी दारिद्र्याची होती. आपण ती उलटी वाचून पाहू. तेल आणि शनिवार या दोनच गोष्टी परक्या माणसाच्या लक्षात राहिल्या, त्या एकाच कागदावर शेजारी शेजारी आल्या, आणि गावकऱ्यांनी ठेवलेल्या नावातही त्याच दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे त्या कोचीनच्या राहबीनेच शिकवले असेल, मग घाण्याने सांभाळले म्हणण्यात अर्थ काय? परंपरेतला दावीद राहबी कोण, यावर मतभेद आहेत. हाईम सामुएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास लिहून काढलेल्या आणि पुढे १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात त्याला कित्येक शतके मागे नेले आहे. उलट अनेक अभ्यासक त्याला अठराव्या शतकातला दावीद यहेज्केल राहबी, म्हणजे वर सांगितलेल्या पत्रलेखकाचा मुलगा मानतात. तो जन्मला १७२१ मध्ये. सार्टोरियसने पत्र लिहिले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शिक्षक येण्यापूर्वीच शेमा कोकणात होती, हे एवढ्या साध्या वजाबाकीवरून कळते. आणि मासळीची गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातही राहबी बायकांना मासे शिकवत नाही, बायकाच त्याला शिकवतात. परीक्षक यायच्या आधीच उत्तर चुलीपाशी तयार होते, हे खुद्द त्या गोष्टीला मान्य आहे.

आता घाण्याकडे येऊ. तीळ, खोबरे, दिव्यासाठी उंडीच्या बिया, जे काही गाळायचे ते उखळीत टाकायचे, लाट फिरवायची, बैलाच्या डोळ्यांना झापड बांधून त्याला गोल गोल चालवत राहायचे. काम कंटाळवाणे, आवाज मोठा. घाण्याची करकर दूरवर ऐकू जाते, म्हणून ती थांबली हेही दूरवर कळते. या धंद्याचे दोन गुण आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत. पहिला हा, की घाणा घरच्या आवारात असतो आणि तो केव्हा जुंपायचा हे घरचा माणूस ठरवतो. तेली हा गावगाड्यात अलुतेदारांत मोडणारा, त्याला गावाची गरज भागवावी लागते. पण शुक्रवारी दुप्पट गाळून शनिवारी बसायचे की नाही, यावर पाटलाचे नियंत्रण नसते. तेल दोन दिवस टिकते. दूध टिकत नाही, मासळी टिकत नाही, भातलावणी पावसासाठी थांबते पण माणसासाठी थांबत नाही. कोकणात मिळण्याजोग्या धंद्यांत आठवड्यातून एक दिवस पूर्ण थांबू देणारा धंदा शोधू गेले तर तेलाचा घाणा फार वरच्या क्रमांकावर येईल. सुरुवातीच्या लोकांनी हा धंदा याच कारणाने निवडला असे मी म्हणत नाही, तसे सांगायला आधार नाही. पण ज्यांच्या हाती तो पडला त्यांना तो सोयीचा ठरला, एवढे नक्की.

दुसरा गुण बैलाचा. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी सोमवारी बैल जुंपत नाहीत, कारण बैल हा नंदी आणि सोमवार शंकराचा. सोमवार तेल्याचा घाणा बंद राही त्यामागे हीच भावना. इकडे मोशेच्या दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा पाहिली तर तिथे विश्रांती केवळ यजमानाला सांगितलेली नाही. चाकराला, दासीला, दारी आलेल्या परक्याला आणि जनावरालाही ती सांगितली आहे, आणि एका पाठात तर बैलाचे नाव घेऊन सांगितली आहे. म्हणजे बेने इस्राएल तेली शनिवारी बैल सोडत होता तेव्हा तो शेजाऱ्याला अनोळखी वाटावे असे काही करतच नव्हता. बैलाला आठवड्यातून एक दिवस देवाच्या नावाने मोकळे ठेवावे, हे गावाला आधीच कळत होते, फक्त दिवस वेगळा होता. परक्या धर्माची एक आज्ञा इथल्या रूढीच्या साच्यात इतकी चपखल बसली की तिला ना विरोध झाला, ना तिचे रूपांतर झाले. सोमवार तेली शेजारी नसता तर शनवार तेली हे नाव सुचलेच नसते, असे मला वाटते. वेगळेपण लक्षात येण्यासाठी आधी साम्य असावे लागते.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मराठी घरातूनच येतो. शनिवार आणि तेल यांचे आपल्याकडे जुने नाते. शनिवारी तेल विकत आणू नये असे घरोघर सांगत, शनिवारी मारुतीला तेल वाहत, शनीची पीडा टळावी म्हणून तेल देत. मग शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली ज्यू कशाला असायला हवा? तो शनीला भिणारा साधा तेली असेल, आणि ज्यू असल्याची कथा नंतर चिकटवली गेली असेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण टिकत नाही. एक तर ही समजूत सगळ्या तेल्यांना लागू व्हायला हवी होती, आणि मग शनवार तेली असे वेगळे नाव पडायचे कारणच उरले नसते. दुसरे, मारुतीच्या देवळात शनिवारी तेल लागते, म्हणजे तेल्यासाठी तो दिवस खपाचा असू शकतो. त्या दिवशी बसणे तोट्याचे. तिसरे आणि महत्त्वाचे, शनिवार इथे एकटा येत नाही. आठव्या दिवशी मुलाची सुन्नत, खवल्यांशिवायची मासळी वर्ज्य, जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाणारी ती एकच शेमा, हे सगळे शनिवारच्या सोबत येते. शनीच्या भीतीतून शनिवार निघेल, सुन्नत निघणार नाही.

धर्म ग्रंथात नसेल तर तो कामात राहतो, याचा आणखी एक पुरावा सणांच्या नावांत आहे, आणि मला तो फार रसाळ वाटतो. हिब्रू नावे विसरलेल्या या लोकांनी आपल्या सणांना जी नावे दिली ती सगळी स्वयंपाकघरातून आणि उंबऱ्यावरून उचललेली आहेत. वर्षाचा पहिला सण तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण, नव्या तांदळाची खीर करण्याचा. प्रायश्चित्ताचा उपवास तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, परक्याला शिवायचे नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम हा होळीचा सण, कारण तो होळीच्या आसपास पडतो. मिसरातून सुटकेचा जो सण जगभरचे ज्यू पेसाह म्हणून ओळखतात, तो इथे अनशी ढाकाचा सण झाला, म्हणजे आंबटाचे भांडे झाकून ठेवण्याचा. मोशे, फारो, लाल समुद्र यांतले काहीच आठवत नव्हते. आंबवलेले त्या दिवसांत खायचे नाही आणि आंबटाचे भांडे बंद करायचे एवढे मात्र हातांना आठवत होते. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस बिरड्याचा रोजा झाला. दोन हजार वर्षांपूर्वीचे एक राष्ट्रीय संकट वालाच्या बिरड्यात शिल्लक राहिले. रोजा हा शब्द मात्र हिंदुस्थानीतला, त्यामुळे ज्या उपवासांना तो लागतो ते मराठी नावांच्या सणांपेक्षा मागाहून आले असावेत, असा तर्क खुद्द केहिमकरांनीच मांडला होता. तो बरोबर असो वा नसो, या यादीत कथा कुठेच नाही आणि कृती सगळीकडे आहे, हे दिसतेच. हनुक्का या यादीत नाही. म्हणून, ज्या मक्काबींच्या विजयातून तो सण निघाला त्यांच्या आधीच हे लोक निघाले, असे कोणी म्हणतात. इतका दूरचा निष्कर्ष एका गैरहजेरीवर उभारणे मला धाडसाचे वाटते. हनुक्काला दिवे लावण्यापलीकडे चुलीचे किंवा घाण्याचे काही काम नसते, म्हणूनही तो गळला असेल.

दुसरा आक्षेप समाजशास्त्राचा. हे सगळे घाण्याने नव्हे, जातीने टिकवले, असे म्हणता येईल. जातिव्यवस्थेत प्रत्येक गट आपापले खाणेपिणे, लग्ने आणि सुतकपातके वेगळी ठेवतो, आणि ती वेगळी ठेवावीत अशीच इतरांची अपेक्षा असते. बेने इस्राएलांना युरोपातल्या ज्यूंप्रमाणे कोणी छळले नाही, धर्म बदला म्हणून कोणी मागे लागले नाही, कारण गावाच्या दृष्टीने ती आणखी एक जात होती. हे बरेचसे खरे आहे. जातीची किंमतही त्यांनी मोजली. गावाच्या नावावरून पडलेली केहिमकर, दिवेकर, नवगावकर, पेणकर, अष्टमकर अशी शंभराहून अधिक आडनावे त्यांनी घेतली, तशीच गोमांस वर्ज्य मानण्याची आणि विधवेच्या पुनर्विवाहाला नाके मुरडण्याची रीतही घेतली. आपल्यातही त्यांनी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट पाडले. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती काळी ठरली, तिच्याशी बेटीव्यवहार बंद, कित्येकदा रोटीव्यवहारही. पण जात आणि धंदा यांपैकी शनिवार कोणी सांभाळला हे तपासून पाहण्याची एक सोय इतिहासाने आपल्याला दिली आहे. हा समाज कोकणातून मुंबईला गेला तेव्हा जात त्याच्यासोबत गेली, धंदा मागे राहिला. गोरे-काळे हा भेद मुंबईतही कित्येक पिढ्या चालला, लग्ने आपापसांतच होत राहिली, आडनावे तशीच राहिली. शनिवार मात्र राहिला नाही.

मुंबईकडे जाणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झाले. कंपनी सरकारच्या पलटणीत बेने इस्राएल मोठ्या संख्येने भरती झाले आणि देशी अधिकाऱ्यांच्या पदापर्यंत चढले. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सामुएल यहेज्केल. त्या काळी हिब्रू नावांना कोकणी वळण मिळून सामुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी आणि अब्राहामचा अबाजी होत असे. टिपूशी झालेल्या लढाईत तो कैद झाला, सुटला, आणि १७९६ मध्ये त्याने मांडवी भागात मुंबईतले पहिले प्रार्थनालय बांधले. समाज त्याला जुनी मशीद म्हणतो. शेजारचे मशीद बंदर त्यावरूनच मशीद बंदर झाले, असे पुष्कळजण मानतात. प्रार्थनालय उभे राहिले हा या समाजाच्या इतिहासातला सोन्याचा दिवस म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण ते बांधणारा माणूस पलटणीत होता. पलटणीची कवायत शब्बाथ पाहून ठरत नसते. पलटणीतून निवृत्त झालेल्यांची मुले गोदीत सुतार, गवंडी, पुढे कचेऱ्यांत कारकून, रेल्वेत, टपालात, इस्पितळांत गेली. या सगळ्या ठिकाणी सुट्टीचा वार एकच होता आणि तो धन्याच्या धर्माचा होता. शनिवारी कामावर न जाणाऱ्याला सोमवारीही येऊ नकोस असे सांगितले जाई. मग प्रार्थनालयात शनिवारी पहाटे प्रार्थना उरकायची आणि तिथून कचेरी गाठायची, असा मार्ग लोकांनी काढला. गावात प्रार्थनालय नव्हते पण शब्बाथ होता, शहरात प्रार्थनालय होते पण शब्बाथला वेळ नव्हता.

इथे थोडे वळण घेऊन मुंबईतल्या रविवारची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीही वाराचीच गोष्ट आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडत होते आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगतात. साहेबाच्या रविवारला बहुजनांनी खंडोबाच्या नावाने आपलेसे केले, हा त्यातला चतुर भाग. सोमवार शंकराचा म्हणून कोणी गिरणीत सोमवार मागितला नाही, शनिवार मागायला बेने इस्राएलांची संख्या नव्हती. कारखान्याला एकच वार परवडतो. गावात मात्र घाण्यागणिक वार वेगळा असू शकत होता, कारण प्रत्येक घाणा हा आपापला कारखाना होता. शनवार तेली आणि सोमवार तेली एकाच वस्तीत सुखाने नांदत होते यामागे उदारमतवाद किती होता आणि लहान धंद्याची ही लवचीकता किती होती, याचा विचार करून पाहावा. मला दुसरी गोष्ट जास्त वजनदार वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा आणि मला अर्धा मान्य आहे. तो असा, की एकोणिसाव्या शतकात विद्या आली नसती तर हा समाज केव्हाच विरघळून गेला असता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलांना हिब्रू शिकवले. उद्देश धर्मांतराचा होता. मुलांनी हिब्रू उचलले आणि ख्रिस्त तिथेच ठेवला, हा त्या शतकातला एक चांगला विनोद आहे. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात तळकरांनी छापलेल्या हग्गादात, म्हणजे पेसाहच्या पोथीत, मराठी भाषांतर तर आहेच, शिवाय लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटत-भाजत असल्याचे चित्र आहे. ज्यूंच्या चित्रकलेत असे दुसरे चित्र क्वचितच असेल. १८७५ मध्ये केहिमकर बंधूंनी समाजाची शाळा काढली, १८८० मध्ये कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले आणि अब्राहाम-मोशेंची चरित्रे झांजा-चिपळ्यांच्या साथीने, साकी-दिंडीच्या चालींवर गायली जाऊ लागली. हे सगळे वैभव आहे, ते नाकारणारा करंटा ठरेल. जगातल्या इतर ज्यूंनी यांना ओळखावे यासाठी पुस्तक लागत होते, घाण्याच्या करकरीवर बगदादी किंवा कोचीनी ज्यू विश्वास ठेवणार नव्हता. पण या विद्येने शनिवार वाचवला का? नाही वाचवला. ज्या पिढीला शब्बाथचे नियम पहिल्यांदा वाचता आले, तीच पिढी शनिवारी कचेरीत बसली होती. ज्ञान वाढत गेले आणि आचार आटत गेला, ही दोन टोके एकाच शतकात एकाच समाजात दिसतात. त्यांच्यात कार्यकारण नाही, हे खरे. विद्येने शनिवार घालवला नाही, नोकरीने घालवला. पण विद्या आणि नोकरी एकाच दाराने आल्या, आणि त्या दारातून घाण्याचा बैल आत येऊ शकत नव्हता.

हे वाचून कोणाला वाटेल की लेखकाला घाण्याचे फार प्रेम आहे. तसे नाही. घाण्याच्या बैलाचे जिणे ही आपल्या भाषेत उपमा झाली आहे ती उगाच नव्हे. तेल्याचा दर्जा गावात खालचा, मिळकत तुटपुंजी, आणि आठवड्याचा सातवा दिवस फुकट घालवणे म्हणजे त्या तुटपुंज्या मिळकतीचाही एक वाटा सोडणे. राहबीच्या पत्रातल्या तेल्यांना हे परवडत होते असे नाही, त्यांनी ते परवडवून घेतले. त्यांच्या नातवंडांनी तलवार, करवत आणि लेखणी उचलली तेव्हा ती शहाण्यासारखी वागली. शिकलेल्यांना शनवार तेली हे नाव नकोसे झाले आणि त्यांनी बेने इस्राएल हे स्वतःचे नाव पुढे केले, यातही वावगे काही नाही. शेजाऱ्याने ठेवलेल्या नावात माणसाची जागा शेजारी ठरवतो. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि दिव्याचे तेल गाळणाऱ्यांच्या पोटावरच पाय आला. न गेले असते तरी घाणे टिकले नसते. माझा मुद्दा धंदा सोडल्याच्या खंतीचा नाही. धंदा सोडताना काय सुटले हे मोजताना आपण चुकीच्या वजनांनी मोजतो, एवढाच आहे. आणखी एक कबुली इथेच द्यायला हवी. बरेच बेने इस्राएल तेलाबरोबर शेतीही करत, आणि आषाढातल्या शनिवारी लावणीच्या चिखलात कोण उतरत होते आणि कोण नव्हते, यावर ही पत्रे गप्प आहेत. घाण्याचा शनिवार दिसतो, शेताचा दिसत नाही.

चुकीच्या वजनांचा सर्वांत कडू अनुभव या समाजाला मुंबईत नव्हे, इस्राएलमध्ये आला. १९४८ नंतर हजारोंनी स्थलांतर केले, बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत वस्ती केली. सुरुवातीलाच नोकऱ्या, घरे आणि वागणूक यांवरून १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले आणि त्यांतले काही परत हिंदुस्थानात आले. मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने निर्देश काढले, की बेने इस्राएल व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासावी. शंका अशी, की पिढ्यान्‌पिढ्या रब्बींशिवाय राहिलेल्या या लोकांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? शास्त्र जाणणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न बिनबुडाचा नव्हता, हेही म्हटले पाहिजे. पण विचारलेला पुरावा कागदाचा होता, आणि कोकणातल्या त्या आज्या-पणज्यांनी जे सांभाळले होते ते कागदावर नव्हतेच. समाज रस्त्यावर आला. उपोषणे आणि निदर्शने झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये, लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना, संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यांचे नाव घेऊन केलेला भेद मागे घेणे रब्बींना भाग पडले. या सगळ्या वादात एक विचित्र गोष्ट घडून गेली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्या देशात शनिवारची सुट्टी ज्यूंना कायद्याने मिळते. ज्या वारासाठी कोकणातल्या तेल्याने मिळकतीचा वाटा सोडला, ज्या वारी त्याच्या नातवाला मुंबईत रजा मिळवता आली नाही, तो वार पणतूला दिमोनाच्या कारखान्यात आपोआप मिळाला. आणि तिथे त्याने काहीच सिद्ध होत नव्हते, कारण तो सगळ्याच ज्यूंना होता.

हल्ली पुरावा आणखी वेगळ्या ठिकाणी शोधतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा असा दोन्ही वारसा ठळकपणे दिसला, आणि त्यांची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी असा अंदाज संशोधकांनी काढला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतात आता चार-पाच हजारच ज्यू उरलेत, इस्राएलमध्ये त्याच्या कितीतरी पट. तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा नावाच्या नैवेद्याचे पोहे, नारळ आणि साखर तिथेही कालवतात. रक्ताचा निकाल या समाजाला आनंदाचा वाटला असेल तर तो वाटावा. पण रक्तात किती अंश कुठला, हे सांगणाऱ्या चाचणीला त्या लोकांनी मधल्या शतकांत काय केले हे सांगता येत नाही. रक्त टिकायला काही करावे लागत नाही. घाणा आठवड्यातून एकदा, पन्नासएक वर्षांच्या आयुष्यात अडीच हजार वेळा, हाताने थांबवावा लागतो.

अलिबागला इस्राएल आळी आहे, तिथले प्रार्थनालय आहे, नवगावच्या किनाऱ्याजवळ त्या जुन्या कबरी आणि स्मारक आहे. सोमवार तेल्यांचे वंशजही आसपास असतील, पण सोमवारी आपल्या घरात काय थांबत असे हे त्यांतल्या किती जणांच्या कानावर असेल, शंकाच आहे. दोन्ही वार एकाच सुमारास गेले. तेल आता गिरणीतून येते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, आणि दुकान सातही दिवस उघडे असते.